सबुरीचा डावा पुढचा

वस्तू धुतल्याचा पश्चात्ताप थोरलीला आयुष्यात पहिल्यांदा झाला तो त्या रविवारी, दुपारी सव्वाएकच्या सुमारास.

हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमधली हत्यारं उकळायची, पुसायची आणि मोजून ट्रेमध्ये लावायची, हे काम ती सव्वीस वर्षं करत होती. धातूची वस्तू मळकी घराबाहेर जाऊ देणं तिच्या रक्तातच नव्हतं. आणि सासऱ्यांच्या, म्हणजे बाबांच्या, भिंतीवरचे तेवीस नाल तर आज चार वाजता कायमचे बाहेर पडणार होते. रेसकोर्सच्या नव्या स्टँडमध्ये काचेचं कपाट तयार होतं. त्यात तेवीस खुंट्या होत्या. वर पाटी लागणार होती ती बाबांच्या नावाची, चाळीस वर्षं तिथे घोड्यांना नाल मारणाऱ्या नालबंदाची, आणि प्रत्येक खुंटीखाली त्या त्या घोड्याचं नाव. क्लबचे सेक्रेटरी स्वतः न्यायला येणार होते. फोनवर त्यांनी दोनदा बजावलं होतं, "नावं तेवढी नक्की हवीत हं. नावाशिवाय नुसतं लोखंड मांडून काय करू?"

नावं होती. सासूबाई होत्या तेव्हा त्यांनी एक सोडून प्रत्येक नालाच्या मागे चिकटपट्टी लावून तिच्यावर घोड्याचं नाव लिहून ठेवलं होतं, बारीक आणि उजवीकडे कललेल्या अक्षरात. थोरलीने सकाळी नाल भिंतीवरून क्रमाने उतरवले, पट्ट्या हलक्या हाताने सोडवून ट्रेवर लावल्या, नाल साबणाच्या पाण्यात उकळले, ब्रशने घासले आणि जेवणाच्या टेबलावर टॉवेल अंथरून पुन्हा त्याच क्रमाने मांडले. पातेल्याच्या वाफेने ट्रेवरची शाई फुटली आणि नावांचे निळे डाग झाले, हे तिच्या उशिरा लक्षात आलं. पण तेव्हाही ती घाबरली नाही. भिंतीवरचा क्रम बाबांना तोंडपाठ होता. टॉवेलवर क्रम होता, म्हणजे नावं होती.

मग तिच्या नवऱ्याला टेबल हवं झालं.

थोरला टपाल खात्यात होता. तीस वर्षं त्याने लोकांची पत्रं गावागणिक आणि गल्लीगणिक लावली होती. एका घराचं पत्र दुसऱ्या घरात गेलं तर त्याला जेवण जात नसे. त्या माणसाने टॉवेलची चार टोकं धरली, गाठोडं बांधलं आणि बाजूच्या खुर्चीवर ठेवलं. खळ्‌कन आवाज झाला. थोरली स्वयंपाकघरातून धावत आली.

"अहो, काय केलंत हे!"

"सेक्रेटरींना चहा द्यायला टेबल नको का? आणि लोखंडाला काय होतंय?"

तिने त्याला हाताला धरून ट्रेपाशी नेलं आणि निळे डाग दाखवले. थोरला डागांवर वाकला. मग त्याने चष्मा काढून पुसला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि आतल्या खोलीत बाबा झोपेतून उठून खाकरल्याचं ऐकू आलं.

"ताई यायच्या आत काहीतरी करा," थोरली कुजबुजली.

पण ताई दारातच उभी होती, हातात बिस्किटांचा पुडा घेऊन.

*

ताईला या घरात काही सांगावं लागत नसे. रेसकोर्सच्या निकालाच्या फळ्यावर नंबर लावण्याची नोकरी तिने एकवीस वर्षं केली होती. एक नजर टाकून कोण पहिला, कोण मागे पडला आणि कोणाचा पाय मुरगळलाय हे ओळखायची तिची सवय अजून गेली नव्हती.

"उकळलेत?" तिने विचारलं. "वहिनी, आईच्या हातच्या पट्ट्या होत्या त्या."

"माहितीये मला. पट्टी मीच आणून दिली होती त्यांना."

"मग?"

"मग काय, चुकलं माझं. मारा मला."

ताईची जीभ सैल सुटायच्या बेतात होती. वहिनीच्या स्वच्छतेबद्दल तिच्याकडे पंचवीस वर्षांचा साठा होता. पण वहिनीचे डोळे भरलेले दिसले आणि साठा तिथेच राहिला. तिने मोर्चा भावाकडे वळवला. "आणि दादा, तू? क्रमाने लावलेल्या वस्तूचं गाठोडं बांधतोस? पोस्टात असंच करतोस का?"

"तू नको आता सुरू होऊस."

"नाही, बरोबर बोलतायत त्या," थोरली म्हणाली, आणि आजच्या दिवसापुरत्या का होईना, नणंद-भावजय एका बाजूला झाल्या.

बाल्कनीच्या दाराजवळच्या खुर्चीत धाकटा बसला होता. तो दर रविवारी तिथेच बसायचा. एके काळचा नावाजलेला जॉकी, आता मुलांना घोड्यावर बसायला शिकवायचा. अकरा वर्षांपूर्वी मोसमातली सगळ्यांत मोठी शर्यत तो नाकाच्या फरकाने हरला होता. सबुरी नावाची करडी घोडी होती, आणि शेवटच्या वळणावर तिचा नाल निघाला. नाल मारलेला होता बाबांनी. चौकशीत बाबांनी 'खिळे माझेच कमी पडले असतील' असं सांगून कागदावर सही केली, आठवड्याभरात हत्यारांची पेटी बंद केली आणि घरी बसले. तेव्हापासून बाप-लेक एकमेकांशी थेट बोलत नव्हते. तो यायचा, बसायचा, औषधं आणून द्यायचा, पण मध्ये कुणीतरी लागायचं.

आताही बाबा भिंतीला हात लावत बाहेर आले तेव्हा तो ताईला म्हणाला, "त्यांना सांग, टेबलाजवळच्या खुर्चीवर गाठोडं आहे, धक्का लागेल."

"त्याला सांग, वास येतोय मला लोखंडाचा," बाबा म्हणाले. "आंधळा झालोय, मेलो नाही अजून."

बाबा एक्याऐंशी वर्षांचे होते. उजेड आणि अंधार एवढंच आता त्यांच्या डोळ्यांना कळत होतं. थोरलीने मन घट्ट केलं आणि सगळं सांगून टाकलं. पट्ट्या, वाफ, शाई, गाठोडं. गाठोड्याचा भाग सांगताना तिने नवऱ्याला वाचवायचा प्रयत्न केला नाही.

बाबा ऐकत राहिले. मग त्यांनी विचारलं, "चमकतायत का?"

"आरशासारखे, बाबा."

"छान. आमच्या तबेल्यात असे कधी दिसले नसते." ते खुर्ची चाचपडून टेबलापाशी बसले. "आणा इकडे. एकेक हातात द्या. आणि पोरगी कुठंय? लिहायला बसव तिला."

पोरगी म्हणजे थोरल्याची लेक. ती जनावरांच्या डॉक्टरीच्या तिसऱ्या वर्षाला होती आणि घोड्याच्या पायातली सगळी हाडं तिला नावानिशी पाठ होती, एवढ्यावर ती आजोबांशी रोज वाद घालायची. ती वही घेऊन शेजारी बसली.

"बाबा, तेवीस आहेत," थोरला म्हणाला. "हातांनी कसं कळणार? सगळे सारखेच तर दिसतात."

"तुला सगळी पत्रं सारखी दिसतात का?"

ताईने पहिला नाल त्यांच्या हातात दिला. बाबांनी तो तळहातावर तोलला. अंगठा आतल्या कडेवरून फिरवला, मग बाहेरच्या. भोकांत करंगळीचं नख घालून बघितलं.

"गोल आहे, म्हणजे पुढच्या पायाचा. बाहेरची बाजू जास्त फुगीर, आतली सरळ. उजवा. आणि हा बघ, वहीवाले, इकडे हात दे. टाचेपाशी काय लागतंय?"

"बंद आहे. दोन्ही टोकं जोडलीयेत."

"मी जोडलीत. लिही नाव, दुसरी घंटा. तिचा खूर उभा चिरला होता, वरपासून खालपर्यंत. तुझ्यासारखे तीन डॉक्टर येऊन गेले आणि म्हणाले, ही आता पळायची नाही. मी म्हटलं, चिरलेल्या भिंतीला आपण लोखंडी पट्टी मारतो की नाही? तसा टाचेला आडवा पट्टा दिला. चार महिन्यांनी…"

"सहा फर्लांग, मऊ मैदान, दोन लांबींनी पहिली," ताईच्या तोंडून आपोआप निघालं. "तिचा नंबर मीच लावला. नऊ नंबर."

"तर! आणि शर्यत संपल्यावर ती कुठे आली? मालकाकडे नाही, फोटोवाल्याकडे नाही. लगाम धरलेल्या सईसाला ओढत माझ्या ऐरणीपाशी आली आणि पाय वर करून उभी राहिली. बघ म्हणे, टिकला की नाही."

दुसरा नाल हातात पडताच ते हसायला लागले. "याला काय ओळखायचं! वाटीएवढा तर आहे. काडेपेटी." आणि मग काडेपेटीची गोष्ट निघाली. लालभडक, बुटकी घोडी. बाजारात तिला कुणी विचारेना, कारण ती पाय आत टाकून चालायची. बाबांनी दर तीन आठवड्यांनी तिच्या नालाची आतली कड कानशीने केसभर खाली आणली, दीड वर्ष, आणि तिचा पाय सरळ पडायला लागला. पहिल्या शर्यतीत स्टार्टिंग गेट उघडलं तेव्हा ती शेजारच्या दोन धिप्पाड घोड्यांच्या मधून अशी निघाली की लोकांना ती दिसलीच नाही. आधी दिसली ती विनिंग पोस्टवर.

मुकादमाचा नाल थोरलीने आणून दिला. जेवणाच्या ताटासारखा रुंद होता. मुकादम काळाभोर होता आणि शर्यतीआधी सगळ्या घोड्यांपुढून एक चक्कर मारल्याशिवाय गेटमध्ये शिरत नसे. "हजेरी घ्यायचा," बाबा म्हणाले. "नऊ शर्यती जिंकला. आणि दहावीत पाचवा आला तेव्हा असा मान खाली घालून परत आला की मला त्याच्याशी बोलायला शब्द सापडेनात. मी आपला त्याचा खूर साफ करत बसलो, गरज नसताना."

राजीनामा नावाचा घोडा जिंकायच्या बाबतीत अगदीच टाकाऊ होता. सगळ्या शर्यतींत एकदाच तो पहिला आला, तोही जॉकीला गेटमध्येच पाडून, रिकाम्या खोगिराने, आणि मग विजेत्याच्या जागेवर जाऊन रुबाबात उभा राहिला. तिथून हलेना. खऱ्या विजेत्याला शेजारी जागा करून द्यावी लागली.

"याचा नाल का ठेवलात मग, आजोबा?" नातीने विचारलं.

"अगं, त्याला वाटलं होतं ना की तो जिंकला. त्या दिवशीचं त्याचं तोंड तू बघितलं असतंस तर तूही ठेवला असतास."

थोरला आधी घड्याळ बघत होता. मुकादमानंतर तो विसरला. राजीनाम्याच्या वेळी तो हसता हसता बिस्किटं मोडून खात होता. थोरली बाबांच्या बोटांकडे बघत होती. सर्जनची बोटं तिने आयुष्यभर पाहिली होती, आणि असा हात तिने फार थोड्या लोकांचा बघितला होता. तिने ते बोलून दाखवलं. "बाबा, आमच्या मोठ्या डॉक्टरांना आणायला हवं होतं आज."

"आण की. तेही पायच जोडतात ना?"

ताईचं मन मात्र भलतीकडे गेलं होतं. असं टेबल या घरात किती वर्षांनी भरलं होतं! शर्यत चालू असताना बाबा नेहमी तबेल्यात असायचे, पुढच्या घोड्याच्या पायाशी वाकलेले. चाळीस वर्षांत त्यांनी एकही मोठी शर्यत डोळ्यांनी पाहिली नव्हती. नुसता लोकांचा गलका ऐकू यायचा. म्हणून शर्यतीच्या दिवशी संध्याकाळी जेवणं झाली की आई बशा बाजूला सारायची, आणि धाकटा मिठाच्या, मिऱ्याच्या डब्या आणि चमचे घेऊन अख्खी शर्यत टेबलावर पळवून दाखवायचा. कोण कुठे होता, कोणी कुणाला दाबलं, वळणावर काय झालं. बाबा गालाला हात लावून ऐकायचे. तीच त्यांची शर्यत. सबुरीच्या शर्यतीनंतर थोरल्याने सगळ्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की बाबांना त्रास होईल, तो विषय या घरात काढायचा नाही. आणि सगळ्यांनी ते इतकं मनापासून पाळलं की शर्यत सांगायची पद्धतच बंद पडली.

बावीस नाल झाले. बावीस नावं वहीत उतरली. ताईने मनातल्या फळ्याशी एकेक ताडून पाहिलं, एकही चूक नव्हती. साडेतीन वाजले होते. थोरलीचा जीव भांड्यात पडला. आता एकच राहिला होता.

*

तो शेवटच्या खिळ्यावरचा होता. त्याच्यामागे पट्टी कधीच नव्हती. आईने विचारलं होतं, काय लिहू? तेव्हा बाबा म्हणाले होते, त्याला नाव नको. घरात सगळ्यांचा समज होता की तो बाबांनी शिकाऊ असताना केलेला पहिला नाल असावा.

धाकट्याला माहीत होतं. तो पत्र्यासारखा हलका होता, शर्यतीपुरता मारतात तसा. दर रविवारी बाल्कनीजवळच्या त्या खुर्चीतून तो समोर दिसायचा. म्हणूनच तो त्या खुर्चीत बसायचा.

नातीने नाल उचलला आणि आजोबांच्या हातात द्यायच्या आधी उजेडात धरला. "अरे, याची टाच वाकलीये."

"आण इकडे," बाबा म्हणाले.

"थांबा ना, आजोबा. आतापर्यंत गंजाखाली दिसत नव्हतं. आईने घासल्यामुळे कळतंय. चिरडलाय हा. मागच्या पायाच्या टोकाची खूण आहे बघा."

"पोरी, आण म्हणतो ना."

"आम्हाला शिकवलंय हे. घोडा भरधाव असताना त्याला एकदम आवरलं, तर पुढचा पाय उचलायला उशीर होतो आणि मागचा त्याच्यावर पडतो. मग कितीही पक्के खिळे असू देत…"

बाबांनी हात पुढे करून नाल जवळजवळ हिसकावून घेतला. अंगठा एकदाच टाचेवरून गेला आणि थांबला. धाकट्याने खुर्चीचे हात धरून ठेवले.

"हा राहू दे," बाबा म्हणाले. "बावीस पुरेत."

"बाबा, तेवीस खुंट्या केल्यात त्यांनी," थोरला म्हणाला. "मी भिंतीचा फोटो पाठवला होता. एक खुंटी रिकामी कशी ठेवणार?"

"मग काडेपेटीचा लिही."

वही थांबली. "काडेपेटी झाली, आजोबा. दोन नंबरला. हा तिच्यापेक्षा केवढा मोठा आहे."

"मग तो तिचा नसेल. हा असेल."

थोरल्याने हळूच बायकोला खूण केली आणि दोघं स्वयंपाकघराच्या दारात गेली. त्याचा आवाज मुळातच मोठा. कुजबुजला तरी बाल्कनीपर्यंत पोचला. "दमलेत ते. गोंधळ व्हायला लागला. हा चुकला, म्हणजे बाकीचे तरी कशावरून बरोबर? उद्या कपाटात चुकीची नावं लागली आणि एखाद्या जुन्या मालकाने ओळखलं, तर चारचौघांत बाबांचं हसं होईल. मी सेक्रेटरींना फोन करतो. नको म्हणून सांगतो."

"बावीस बरोबर आहेत," ताई टेबलापासून म्हणाली. "मी सांगते ना."

"तू फळ्यामागे होतीस, ताई. तुला निकाल माहीत आहेत. नाल माहीत नाहीत."

थोरल्याने फोन हातात घेतला. बाबा ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, फक्त तो वाकडा नाल त्यांनी दोन्ही तळव्यांत झाकून घेतला होता.

मुद्दाम चुकीचं नाव सांगून म्हाताऱ्याने बावीस घोडे पणाला लावले, हे धाकट्याच्या लक्षात आलं. एका शब्दात सगळं मिटलं असतं, आणि तो शब्द ते उच्चारणार नव्हते. अकरा वर्षांपूर्वीही नव्हता उच्चारला. चौकशीच्या खोलीत साहेबांनी विचारलं होतं, काय झालं? धाकटा म्हणाला होता, नाल निघाला. का निघाला, हे त्यांनी विचारायच्या आत बाबा उभे राहिले होते. घरच्यांना वाटायचं, धाकटा बापावर रागावलाय, शर्यत गेली म्हणून. तो रागावलेला कधीच नव्हता. त्याला बापाकडे तोंड वर करून बघवत नव्हतं, एवढंच.

"फोन ठेव, दादा," तो म्हणाला.

थोरलीने नवऱ्याच्या हातातून फोन काढून घेतला. का ते तिलाही सांगता आलं नसतं. भाऊजींचा आवाज तिने असा कधी ऐकला नव्हता.

धाकटा उठून टेबलापाशी आला. सवयीने त्याने ताईकडे पाहिलं, 'बाबांना सांग' म्हणायला, आणि मग थांबला. मान वळवून तो थेट त्यांच्याकडे बघत बोलला.

"बाबा, तो सबुरीचा आहे. डावा पुढचा."

बाबांचे तळवे तसेच मिटलेले होते.

"तुमचे खिळे पक्के होते. मी ओढली तिला. वळणावर पुढची फट बंद होईल असं वाटलं आणि मी घाबरून लगाम खेचला. तिचा मागचा पाय पुढच्या नालावर पडला. मला तेव्हाच कळलं होतं. तिथेही कळलं होतं, त्या खोलीत. मी बोललो नाही."

थोरला टेबलापाशी येऊन बसला. ताईने पदर तोंडाला लावला.

"तुम्ही का सही केलीत?" धाकटा टेबलावर वाकला. "तुम्हाला माहीत होतं ना?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी वळणावर शोधून आणला मी हा," बाबा म्हणाले. "गवतात होता. हातात घेतला आणि कळलं. पण सही त्याच्या आदल्या दिवशी केली होती. तेव्हा नव्हतं माहीत. तेव्हा मला खरंच वाटलं, माझा हात चुकला. नंतर कळलं तेव्हा बरंच वाटलं मला. हात चुकला नव्हता."

"मग सांगायचं नाही का लोकांना?"

"काय सांगू? तू तीस वर्षांचा होतास. तुला पुढे घोड्यावर बसायचं होतं. माझं काय, कंबर गेलीच होती."

"मी नंतर बसलोच नाही शर्यतीला, बाबा."

"हो ना. गाढव आहेस." त्यांनी तळवे उघडले आणि नाल टेबलावर ठेवला. "लिही गं. तेवीस. सबुरी. डावा पुढचा. आणि काडेपेटीचा दोन नंबरचाच, त्याला हात लावू नकोस."

"बरं, आजोबा," नात म्हणाली. तिचं अक्षर थोडं वेडंवाकडं आलं.

थोरलीने सगळ्यांसमोर चहा ठेवला. कुणी कप उचलला नाही. चारला आठ मिनिटं होती. थोरला म्हणाला, "बाबा, आम्हाला वाटलं, त्या शर्यतीचं नाव काढलं की तुम्हाला त्रास होईल. म्हणून मीच सगळ्यांना…"

"मला सांगायला हवं होतंत," बाबा म्हणाले, आणि सबंध दुपारात पहिल्यांदा त्यांच्या आवाजात तक्रार आली. "अकरा वर्षं! नाल कसा निघाला ते मला माहीत होतं रे. घोडी कशी पळली, ते कुणी सांगितलंच नाही. मी तबेल्यात होतो. शेवटी लोकांचा जो गलका झाला, तसा मी जन्मात ऐकला नव्हता. तीन नालांवर पळत होती ती, आणि नाकाने हरली. नाकाने! मधे काय झालं? माझी घोडी होती ती. मी तिला शिंगरू असल्यापासून ओळखत होतो. एकाही माणसाला वाटलं नाही, म्हाताऱ्याला सांगावं म्हणून?"

मग थोरलीने चहाचे कप ट्रेमध्ये भरले आणि टेबल मोकळं केलं. तिने टॉवेल पसरला. सासूबाई बशा सारायच्या ते तिने लग्न होऊन आल्यावर कितीतरी वेळा पाहिलं होतं.

"बसा, भाऊजी," ती म्हणाली.

धाकटा बसला. त्याने मिठाच्या डबीकडे हात नेला, मग नको वाटून मागे घेतला आणि लखलखीत नालांच्या ढिगातून सात वेगळे काढले. मुकादम, दुसरी घंटा, राजीनामा, जे हाती लागले ते. त्यांची एक ओळ लावली, आणि त्या ओळीत शेवटी वाकडी टाच असलेला नाल ठेवला. बाबांचा हात धरून त्याने त्यांची बोटं त्या नालावर टेकवली, म्हणजे तो हलेल तेव्हा त्यांना कळेल.

"बारा फर्लांग," तो म्हणाला. "आठ घोडे. आम्ही सगळ्यांत बाहेरच्या गेटमध्ये."

"करडी घामेजली होती का?"

"नाही. कान पुढे. गेट उघडलं आणि ती नेहमीसारखी शेवटून दुसरी निघाली. घाई नाही."

"कधीच नव्हती तिला."

"सहा फर्लांगांपर्यंत सातवी. मग एकेकाला बाहेरून घ्यायला लागली. हा गेला. हा गेला." टॉवेलवर नाल मागे सरकत होते आणि ताई ओठ हलवत नंबर मोजत होती. "वळणाच्या तोंडाशी पाचवी. पुढे दोघांच्या मध्ये एवढीशी फट. मी खेचली. टक्‌ असा आवाज आला आणि ती पुढच्या पायावर बसलीच. नाक गवताला लागलं. मला वाटलं, संपलं. खाली पडू नये म्हणून मी लगाम सोडून दिला, आयाळ धरली. त्यानंतर मी काहीच केलं नाही, बाबा. चाबूक नाही, हाक नाही. ती आपली आपणच उठली. सगळ्यांत मागे होती. आणि तिने इरेला पेटून कान मागे टाकले."

"टाकले?" बाबा पुढे वाकले. "ती कधी टाकायची नाही."

"त्या दिवशी टाकले. एक पाय उघडा, तो पडला की दर वेळी मला खांद्यापर्यंत कळत होतं. आणि ती वेग वाढवतच…"

दारावरची घंटा वाजली. चार वाजले होते. थोरला सवयीने ताडकन उठला आणि दाराकडे वळला.

"बस खाली," बाबा म्हणाले. त्यांची बोटं वाकड्या टाचेवरून हलली नव्हती. "घोडी अजून वळणावर आहे."

घंटा पुन्हा वाजली. थोरला बसला, आणि धाकट्याने बापाच्या बोटांसकट नाल पुढे सरकवला.